प्लॉट नंबर सतरामधला वनवास

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण दादाने सगळीकडे उलटं सांगून ठेवलंय. मी वांगी लावणार असं मी कधीच कुणाला म्हटलेलं नव्हतं. फॉर्मवर 'जागा घेण्याचा उद्देश' असा रकाना होता आणि त्यात मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं होतं, 'जंगलात राहण्याची कौशल्ये शिकणे'. खिडकीतल्या कारकुनाने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं आणि म्हणाला की कॉम्प्युटरमध्ये अकरा भाज्या आहेत, त्यातली एक सांगा. मी म्हटलं, मला भाजी नाही लावायची. तो म्हणाला, मग कुठली नाही लावायची ते सांगा. मागे ही रांग, आणि रांगेतले एक आजोबा काठीने फरशीवर टकटक करत होते. मी म्हटलं, वांगी. झालं, तेव्हापासून मी सरकारदरबारी वांगीवाली.

आता तुम्ही म्हणाल, भाडं भरून जंगल कशाला हवंय? तर ऐका. तो जंगल-वाटाड्यांचा कोर्स आहे ना, पंचेचाळीस दिवसांचा, बारा जागा आणि वयाची सत्तावीस पूर्ण नसावीत अशी अट, त्याच्या मुलाखतीत मी पास झाले. आणि मला सत्तावीस पूर्ण होतात पुढच्या महिन्यात. म्हणजे आता नाही तर मग जन्मभर चष्म्याच्या दुकानात बसून 'खालची ओळ दिसते का, आता दिसते का, आणि आता' हेच विचारत राहायचं. दुकानाच्या मालकांना मी सांगूनही टाकलं होतं की मी जाणार. त्यांनी माझ्या जागी त्यांच्या मेव्हणीची मुलगी ठरवून टाकली होती, एवढ्या तातडीने की मला जरा लागलंच.

राहिली होती एक वही. कोर्सवाल्यांनी दिलेली सरावाची वही. त्यात तीन कामं करून दाखवायची. स्वतः बांधलेला निवारा पंधरा दिवस टिकला पाहिजे, काडेपेटीशिवाय आग पेटवली पाहिजे आणि सलग बारा तास एकटीने, कुणाची मदत न घेता, उघड्यावर काढले पाहिजेत. आणि खाली 'जागेच्या जबाबदार अधिकाऱ्याची सही व शिक्का'. वही महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पोचवायची.

जागा शोधायला गेले तर टेकडीवर वनखात्याचा माणूस परवानगी मागतो, बागेत माळी शिट्टी वाजवतो, आणि आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी नुसती एक फांदी नेली तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आईला फोन करून विचारलं की घरात सगळं ठीक आहे ना. मग कुणीतरी सांगितलं की बस डेपोच्या मागे भाजी लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने मिळतात. खोलीएवढा एक तुकडा. मी म्हटलं, बास, मला हत्ती थोडेच पाळायचेत.

प्लॉट नंबर सतरा. डावीकडे एक रिटायर झालेल्या नर्समावशी, त्यांचे भोपळे. उजवीकडे एक कोबीवाले आजोबा, जे कोबीशी बोलायचे पण माणसांशी फारसं नाही. आणि गेटजवळच्या पत्र्याच्या खोलीत सेक्रेटरी काका. हे आधी जमीनमोजणी खात्यात होते आणि अजूनही तुमच्याकडे असं बघतात की तुम्ही दोन इंच सरकलायत. नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "कलम चौदा, चपला वाफ्यात नाही." मी नमस्कार करत होते.

निवाऱ्याला फांद्या हव्यात. सुतार म्हणाला वाळलेलं लाकूड घ्या, त्याने सांगितलेली किंमत ऐकून मी त्याला म्हटलं, अहो मला बंगला नाही बांधायचा. तेवढ्यात रस्त्याच्या कडेची झाडं छाटणारी गाडी दिसली. त्यातल्या माणसांनी मला मनगटाएवढ्या जाड हिरव्यागार आठ फांद्या फुकट दिल्या, वर विचारलं, शेळी पाळलीये का ताई? दादाच्या स्कूटरवरून दोन फेऱ्यांत आणल्या. दुसऱ्या फेरीत मागच्या फांदीने एका गृहस्थांची टोपी उचलून आणली. ती आम्ही परत द्यायला गेलो तर त्यांनी दादाला अर्धा तास वाहतुकीचे नियम समजावले, आणि तेव्हापासून दादा या प्रकल्पातून अधिकृतपणे बाहेर पडला. अनधिकृतपणे तो रोज यायचा. टोमणे मारायला.

फांद्या जमिनीत हातभर खोल रोवल्या, वरून बांधल्या, पानं-गवत अंथरलं. नर्समावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांच्या मते उतार चुकीचा होता, दार चुकीच्या दिशेला होतं, आणि मी वाकते ती पद्धत तर साफ चुकीची होती, चाळिशीत पाठ धरणार. कोबीवाले आजोबा एवढंच म्हणाले की सावली येतेय. मला वाटलं कौतुक करतायत. त्यांना म्हणायचं होतं, त्यांच्या कोबीवर.

तिसऱ्या दिवशी पहिली नोटीस. टाइप केलेली, गोल शिक्का, खाली सेक्रेटरी काकांची सही. 'प्लॉट क्र. १७ मध्ये प्लॉटधारकाने स्वहस्ते, फांद्या व गवत वापरून, छप्पर असलेले बांधकाम उभे केल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले. तीन आठवड्यांत काढावे.' मी हिशोब केला, मला पंधराच दिवस हवेत, त्यांना एकवीस चालतायत. म्हणजे हा पहिला आणि शेवटचा प्रसंग जेव्हा आम्हा दोघांचं जमलं.

मग आग. एका फळीवर काठी उभी धरायची, तिला दोरीचा वेढा घालायचा, आणि धनुष्यासारखी ती दोरी मागे-पुढे, मागे-पुढे. बघायला फार सोपं. मी दहा दिवस केलं. तळहातांना फोड, खांद्यात चमक, आणि धूर? शून्य. दुकानात एका बाईंच्या नाकावर चष्मा बसवताना माझे हात असे थरथरले की त्यांनी मलाच विचारलं, तुम्हाला नीट दिसतं ना? नर्समावशी रोज फोडांना मलम लावायच्या आणि रोज सांगायच्या की अगं पोरी, माणसाने काडेपेटी शोधून काढली ती उगाच नाही. कोबीवाले आजोबाही आता बोलायला लागले होते. फळी ओली आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, फळी जास्तच वाळलीये.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी धूर आला. खरा धूर! मी वाळलेल्या गवताच्या गोळ्यात तो एवढासा निखारा ठेवून हळूहळू फुंकर घालत होते, ज्वाळा अगदी येण्यात होती, आणि घंटा वाजवत अग्निशमन दलाची गाडी गेटात. डेपोतल्या कुणीतरी फोन केला होता. मी दचकले, गोळा हातातून पडला, निखारा विझला.

आता बघा हं, इथून पुढे माझी काय चूक? चार जवान आणि एक प्रमुख उतरले, नळी उलगडली, आणि विझवायला काहीच नाही. प्रमुखांचा चेहरा पडला. ते म्हणाले, गाडी निघाली की रिपोर्ट द्यावा लागतो, आग नव्हती लिहिलं की डिझेल का जाळलं त्याचा खुलासा, खुलाशाला वेगळा फॉर्म, आणि तो फॉर्म गेल्या वर्षीपासून छापलेलाच नाही. मग घसा खाकरून म्हणाले, "तुम्ही ती परत पेटवू शकाल का?"

मी परत बसले. सभोवती हेल्मेट घातलेले चार जवान, नर्समावशी, आजोबा, कुंपणाबाहेर डेपोचे कंडक्टर आणि दादा. प्रत्येकाचा एक सल्ला. एक जवान म्हणाला जोरात फिरवा, दुसरा म्हणाला दाब द्या, प्रमुख म्हणाले घाई नको, आम्ही आहोत. वीस मिनिटं. माझा घाम फळीवर पडू नये म्हणून नर्समावशी माझं कपाळ पुसत होत्या, जसं काही ऑपरेशन चाललंय. आणि पेटली. वीतभर ज्वाळा, स्वच्छ, पिवळी. मी आयुष्यात एवढी सुंदर गोष्ट पाहिली नव्हती. मी ती पाच सेकंद पाहिली. मग त्यांनी तिच्यावर बादली ओतली.

दुसरी नोटीस दुसऱ्या दिवशी सकाळी. 'काडेपेटी वा अन्य साधनाविना, लाकडावर लाकूड घासून, प्लॉटमध्ये आग पेटवली. साक्षीदार : अग्निशमन दल.' शिक्का, सही. खाली बारीक अक्षरात, 'तीन नोटिसा झाल्यास प्लॉट रद्द.' दादाने तेवढीच ओळ जेवताना तीनदा वाचून दाखवली.

राहिले बारा तास. रविवार पकडला, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. आईला मी शंभरदा सांगितलं होतं, एकटीने म्हणजे एकटीने, कुणी यायचं नाही. साडेआठला आई डबा घेऊन हजर. मी म्हटलं, आई, जा ना गं. आई म्हणाली, "मी तुझ्याकडे आलेच नाहीये. मी यांच्याकडे आलेय." आणि नर्समावशींच्या भोपळ्यांमध्ये बसली. मग त्या दोघी अकरापर्यंत, आणि चारनंतर परत येऊन, माझ्याबद्दल, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलत होत्या. लहानपणी मी अंधाराला किती घाबरायचे. मला मुंग्यांची कशी ॲलर्जी आहे. कुठलं स्थळ मी कसल्या फालतू कारणाने नाकारलं. डबा त्या वाफ्याच्या कडेला उघडून ठेवायच्या, वास येईल असा. मी सकाळपासून दोन पेरू खाल्ले होते आणि मुंग्या मला खात होत्या. जंगलात वाघ असतो म्हणतात, पण वाघ निदान तुमची स्थळं काढत नाही.

आणि सेक्रेटरी काका. प्लॉटवर थांबायची वेळ सकाळी आठ ते अकरा आणि चार ते सहा, कलम नऊ. सकाळी सहाला त्यांनी मला आत शिरताना पाहिलंच होतं, अकरापासून ते दर तासाला यायचे, घड्याळ बघायचे, म्हणायचे बाहेर निघा, मी म्हणायचे नाही निघणार काका, ते वहीत लिहायचे आणि जायचे. दुपारी एकच्या उन्हातसुद्धा छत्री घेऊन आले. पाच फेऱ्यांनंतर सहा वाजता तिसरी नोटीस हातात. 'सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत प्लॉटधारक उघड्यावर एकटी थांबली. पाच वेळा सांगूनही निघाली नाही. देऊ केलेले अन्न नाकारले.' डब्याचंसुद्धा टिपलं होतं त्या माणसाने. तिसरी नोटीस म्हणजे प्लॉट गेला, पण मला आता प्लॉट कशाला हवा होता, माझी तिन्ही कामं झाली होती. मी घरी जाऊन आडवी झाले.

मंगळवारी म्हटलं, चला, नोटिशीत सांगितल्याप्रमाणे निवारा काढू. गेले, वरचं गवत काढलं, पहिली फांदी धरून ओढली. हलेना. दुसरी हलेना. नर्समावशी वाकून बघतात तर आठच्या आठ फांद्यांना पालवी. कोवळी, पोपटी, अगदी टवटवीत. मुळं धरली होती मेल्यांनी. मी ज्या गोष्टी मुद्दाम लावते त्या मरतात, आमच्या घरची तुळस विचारा.

सेक्रेटरी काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, एकेक फांदी बघितली, आणि त्यांच्या कपाळाला ज्या आठ्या पडल्या त्या मी मोजू शकले असते. म्हणाले, आता हे बांधकाम नाही. ही झाडं आहेत. कलम तेवीस, प्लॉटमध्ये झाडाला बंदी. मी म्हटलं, मग उपटते. तर म्हणाले, जिवंत झाड वृक्ष विभागाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. मी म्हटलं, काका, म्हणजे ठेवूही शकत नाही आणि काढूही शकत नाही? ते म्हणाले, "बरोबर समजलात." आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदराने बघितलं.

वृक्ष विभागात फॉर्मवर 'झाडाचे वय, वर्षांत'. मी लिहिलं, पंचवीस दिवस. कारकून म्हणाली, कमीत कमी एक वर्ष टाकावं लागतं. मी म्हटलं, एक वर्षापूर्वी ते झाड रस्त्यावर होतं. ती म्हणाली, मग रस्त्याचा फॉर्म वेगळा. मी हात टेकले. शेवटी एक निरीक्षक आले, टेपने आठही फांद्या मोजल्या, त्यांच्यात आरामात बसून पाणी प्यायले, आणि लेखी अहवाल दिला, 'आठ नग, रोवल्यापासून सव्वीस दिवस, जिवंत, आत एक माणूस बसू शकतो. तोडण्यास नकार.'

हे झालं बुधवारी. गुरुवारी मी वही घेऊन सेक्रेटरी काकांच्या खोलीत गेले, अगदी नम्रपणे, आणि सहीचा रकाना समोर ठेवला. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि वही मला परत केली.

"मी यावर सही केली तर मी हे सगळं चालू दिलं असा अर्थ होतो," ते म्हणाले. "मी चालू दिलेलं नाही."

मी म्हटलं, काका, पण तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय ना. ते म्हणाले, पाहिलंय. मी म्हटलं, मग एवढंच लिहा. ते म्हणाले, हा रकाना पाहिल्याचा नाही, परवानगीचा आहे. मी सगळं सांगितलं, वय, कोर्स, मेव्हणीची मुलगी, उद्या शेवटचा दिवस. ते ऐकत होते, त्यांना वाईटही वाटत होतं, दिसत होतं ना ते, आणि म्हणून मला आणखीच राग आला. माणूस दुष्ट असला की बरं असतं, घरी येऊन शिव्या तरी देता येतात.

घरी आले आणि जेवले नाही. आईने स्थळांचा विषयसुद्धा काढला नाही, म्हणजे किती वाईट अवस्था असेल बघा. दादाने मला हसवायला म्हणून तिन्ही नोटिसा घेतल्या आणि सेक्रेटरी काकांच्या आवाजात मोठ्याने वाचायला लागला, नाक वर करून, बोट नाचवत. प्लॉटधारकाने स्वहस्ते, फांद्या व गवत वापरून. काडेपेटी वा अन्य साधनाविना. उघड्यावर एकटी थांबली, अन्न नाकारले. आणि वाचता वाचता त्याचं बोट थांबलं. आवाजही त्याचा स्वतःचा झाला.

तो म्हणाला, "अगं, हे तर सगळं लिहूनच दिलंय त्यांनी."

शुक्रवारी दुपारी साडेतीनला मी कोर्सच्या ऑफिसात होते. तिथल्या मॅडम, उन्हाने रापलेल्या, हातावर ही मोठी जखमेची खूण, त्यांनी वहीचा रिकामा रकाना बघितला, मग नोटिसा आणि झाडांचा अहवाल एकेक करून वाचला. दोनदा वाचला. म्हणाल्या की बाकी सगळ्यांच्या वह्यांवर 'उत्तम' लिहिलंय आणि सह्या बहुतेक त्यांच्या मामांच्या आहेत, पण जिच्याविरुद्ध एवढा पुरावा आहे अशी मुलगी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मी हसायला लागले. मग त्यांनी तिसरी नोटीस उजेडात धरली आणि म्हणाल्या, यावर शिक्का नाही. सही आहे, शिक्का नाही. शिक्का आणा, पाचपर्यंत थांबते.

दादा बाहेर स्कूटर चालूच ठेवून होता. आम्ही कसे पोचलो ते मला विचारू नका, त्या टोपीवाल्या गृहस्थांनी पाहिलं असतं तर चक्कर येऊन पडले असते. सव्वाचारला मी पत्र्याच्या खोलीत, धापा टाकत. काका, म्हटलं, तुम्ही शिक्का विसरलात.

ते म्हणाले, "मी शिक्का विसरत नाही."

मग मला बसायला सांगितलं. स्टुलावर. म्हणाले, बिनशिक्क्याची नोटीस धरली जात नाही. तीन धरल्या की प्लॉट जातो. दोनच धरल्या होत्या. रविवारी त्या उन्हात तुम्ही बसला होतात, म्हणून शिक्का मारला नव्हता. एवढं बोलून ते खिडकीतून बाहेर बघायला लागले, जणू काही बोललेच नाहीत.

महिनाभर मी ज्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होते त्याने माझा प्लॉट वाचवून ठेवला होता, आणि मी धावत धावत तो घालवायला आले होते. मी नोटीस त्यांच्यापुढे सरकवली आणि ती मला कशासाठी हवीये ते सगळं खरं सांगून टाकलं. मग त्यांनी तिन्ही नोटिसा हातात घेतल्या आणि आपलंच लिखाण वाचलं, ओठ हलवत, एकेक शब्द.

"यात खोटं काही नाही," ते म्हणाले.

"नाही ना काका."

"शिक्का मारला की प्लॉट गेला. परत अर्ज केलात तर सहा वर्षं यादीत."

"मारा," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्याच्या जुन्या डबीतून शिक्का काढला, शाईवर दाबला, आधी एका रद्दी कागदावर मारून बघितला, आणि मग नोटिशीवर, अगदी सरळ. त्यावर फुंकर घातली. मग नोंदवही उघडली, कारण नोटीस दिली की ती प्लॉटधारकाने कशी घेतली ते लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं, 'स्वीकारली'. पेन उचललं. परत टेकवलं आणि पुढे लिहिलं, 'आनंदाने'.

मी वाकून नमस्कार करायला गेले तर म्हणाले, वेळ घालवू नका, साडेचार झालेत, आणि गेटावर भाजीची गाडी आडवी लागलीये, ती निघेपर्यंत थांबा, कुंपणावरून जायचं नाही, कलम एकतीस.

मी कुंपणावरून गेले. मागे वळून पाहिलं तर काका वहीत मान खाली घालून बसले होते, आणि पेन टोपण लावून बाजूला ठेवलेलं होतं.